तिकीट शून्य, जागाही शून्य

आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरला बस वळते न वळते तोच खिडक्यांमधून सामान आत पडायला लागतं. रुमाल, टॉवेल, टोपी, डब्याची पिशवी, आणि हाताशी काहीच नसलं तर पायातली एक चप्पल. गाडी थांबून दार उघडेपर्यंत आतल्या जागांचा निकाल लागलेला असतो. धक्के खात वर चढलेला माणूस सीटवरचा टॉवेल बघतो आणि मुकाट पुढे सरकतो. टॉवेलवर कुणाचं नाव नसतं, शिक्का नसतो. टॉवेलवाला अजून खालीच असतो, टपरीवर चहाचे पैसे देत. तरी तो टॉवेल उचलायची कुणाची बिशाद नाही. त्याच सीटच्या वर सरकारी रंगात लिहिलेलं असतं की ही जागा बायकांसाठी आहे. टॉवेल सगळ्यांना वाचता येतो. त्या दोन शब्दांपुरती मात्र सगळी बस निरक्षर.

या टॉवेलशाहीत गरोदर बाई पहिल्याच फेरीत बाद होते. तिला धावत्या बसमागे पळता येत नाही, खिडकीला लोंबकळता येत नाही, दाराशी कोपर मारता येत नाही. ती सगळ्यांत शेवटी चढते, कारण बसची पहिली पायरी बनवणाऱ्याने आठव्या महिन्यातलं पोट कधी बघितलेलं नसावं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा आणि तिसरा हात, जो देवाने दिला नाही, तो पोटावर धरायला हवा असतो. वर येईपर्यंत कंडक्टरचं "जरगंडी, जरगंडी" सुरू झालेलं असतं. ती जरगते. म्हणजे उभ्या लोकांत अजून थोडी आत जाऊन उभी राहते.

आपली माणसं काही दगडाची नाहीत. ती दिसली की सगळ्या बसला पाझर फुटतो. उठत कुणी नाही, पण चौकशी सुरू होते.

"कितवा चालू हाय, बाई?"

"सातवा."

"पयलंच हाय का?"

"हो."

"कोनाची सून म्हनं तू?"

सासऱ्याचं नाव निघतं, मग सासऱ्याच्या भावाचं, मग भावाच्या कापसाचा भाव. मागून एक आजी पोटाचा आकार डोळ्यांनी मोजते आणि निर्वाळा देते की पोट वर आहे, पोरगाच होतो. मुलगा की मुलगी हे आधी सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सोनोग्राफीवाल्याला तुरुंग होऊ शकतो. आजीला काही होत नाही, कारण तिच्याकडे मशीन नाही आणि तिचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो. हे सगळं बसल्या जागेवरून चाललेलं असतं. चौकशी करणारे बसलेले, उत्तर देणारी उभी. शाळेत मास्तर पोराला उभं करून विचारत, तसंच.

परदेशी लोकांना एवढी माया जमत नाही, म्हणून ते बिल्ले वाटतात. लंडनच्या ट्यूबमध्ये २००५ पासून गरोदर बायकांना छातीवर लावायचा बिल्ला मिळतो. जपानने २००६ मध्ये देशभर एकच खूण ठरवली. कोरियातल्या बुसान शहराने २०१६ मध्ये आणखी कमाल केली. गरोदर बाईच्या पर्समध्ये एक छोटं यंत्र, ती राखीव सीटजवळ आली की तिथला गुलाबी दिवा आपोआप पेटतो, म्हणजे बसलेल्याला कळावं. कळावं! आपल्याकडे असला दिवा लावणं हा विजेचा अपव्यय ठरेल. इथे अख्ख्या बसला महिना, तिथी, सासर, माहेर सगळं पाठ असतं. न कळणं ही आपली अडचण कधीच नव्हती.

बिल्ल्यामागचं खरं कारण मात्र आपण शिकण्यासारखं आहे, आणि ते पोट दिसण्याशी संबंधित नाही. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसतच नाही. मळमळ, उलट्या, गरगरणं, सगळं तेव्हाच जास्त असतं आणि गर्भ पडण्याची भीतीही तेव्हाच सर्वांत मोठी. त्या महिन्यांत बाई बसमध्ये उभी असते तेव्हा ती फक्त एक तरुण, धडधाकट, कुणाच्याही नजरेत न भरणारी बाई असते. तिने "मला बसू द्या" म्हटलं तर "काहून?" असा प्रश्न येणार, आणि काहून ते चारचौघांत सांगायचं नाही, असं घरच्यांनी बजावलेलं. तिसरा महिना उलटेपर्यंत बोलायचं नसतं, नजर लागते. त्यामुळे ती तोंडाला पदर लावून खिडकीकडे बघत राहते. खिडकीपाशी टॉवेलवाला झोपलेला असतो.

झोपेचं हे एक बरं आहे. राखीव जागेवर बसलेल्या पुरुषाला जी झोप लागते ती जगातल्या कुठल्याही गादीवर लागत नाही. पुढच्या इच्चोड्याच्या थांब्यावर भज्यांचा वास आला की ती आपोआप उघडते.

आपल्याकडे गरोदरपणाचं कौतुक कमी आहे असं कुणी म्हणू नये. सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळजेवण करतात. तिला हिरवी साडी नेसवतात, फुलांचे दागिने घालतात, सजवलेल्या झोपाळ्यावर बसवतात, फोटो काढतात. तेलुगू घरांत श्रीमंतम होतं, तिथेही फुलं, बांगड्या, पंगत. पोरीला त्या दिवशी उभं म्हणून राहू देत नाहीत, उठली तरी चार जणी ओरडतात. आणि मग पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिला पाठवतात. कशाने? बसने. फुलांच्या झोपाळ्यावरून उतरलेली मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच हिरव्या बांगड्यांच्या हाताने छताचा दांडा धरून उभी असते. झोपाळ्यावर बसवणाऱ्या मावश्यांपैकी दोघी-तिघी त्याच बसमध्ये असतात. बसलेल्या.

त्यांनाही विचारून पाहावं. उत्तर तयार असतं: "आमी काय कराव? आमी तर नवव्या मईन्यापावतर कापूस येचला." हे खरंच आहे. आदिलाबादच्या काळ्या मातीत कापूस वेचता वेचता कळा सुरू झालेल्या बायका अजून जिवंत आहेत. पण या हिशोबाने, आपल्याला जे सोसावं लागलं ते पुढच्या पोरीलाही सोसायला लावणं हाच वारसा ठरतो. पाहणीचे आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलेली बाई गर्दीत, उकाड्यात, उभ्याने डोलत असेल तर ती कणखर आहे म्हणून डोलत नाही. तिला चक्कर येत असते. गरोदरपणात सांधे सैल पडतात, तोल पुढे झुकतो, आणि आपल्या रस्त्यावरचा खड्डा ड्रायव्हरला शेवटच्या क्षणी दिसतो. कापूस वेचताना निदान जमीन हलत नव्हती.

आता तेलंगणाच्या बस महामंडळाकडे वळू. ते बिचारं किती आईवेडं आहे हे फार कमी लोकांना ठाऊक असेल. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्यांवर हा कारभार सुरू केला. तेव्हापासूनची गोष्ट सांगतात ती अशी: सातव्या निजामाला, मीर उस्मान अली खानांना, बसगाड्यांना आपल्या आईचं, झहरा बेगमचं नाव द्यायचं होतं. नाव देणं काही जमलं नाही, म्हणून नावाचं आद्याक्षर 'झेड' गाड्यांच्या नंबरात आलं. राज्य गेलं, आंध्र झालं, तेलंगणा झालं, महामंडळाच्या स्वतःच्या गाड्यांच्या पाटीवर झेड अजून आहे. गोष्ट खरी असो की रचलेली, पाटी खरी आहे. इथली बस बाहेरून आईच्या नावाने धावते, मागे-पुढे दोन्हीकडे. आत वर्षानुवर्षं रंगवलेलं वाक्य: "स्त्रीलनु गौरविंचुट मन सांप्रदायं." अर्थ सांगायला दुभाषा नको. ही एवढी परंपरा डोक्यावर घेऊन त्या वाक्याच्या बरोब्बर खाली एक गृहस्थ पाय पसरून बसलेले असतात.

आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, कारण अलीकडे त्यांच्या म्हणण्याला धार आली आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजना आली. पल्लेवेलुगू, म्हणजे साध्या गावगाड्या, आणि एक्स्प्रेस गाड्यांत राज्यातल्या बायकांना प्रवास मोफत. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. झालं, गृहस्थांना मुद्दा सापडला. "आमी पैसे मोजाचे, अन् उभंबी आमीच राहाचं?" त्याच महिन्यात आर्मूरला एका बापड्याने बस अडवून पुरुषांसाठी राखीव जागा मागितल्या. महिनाभरात इतकी सहानुभूती फार थोड्या क्रांतिकारकांना मिळाली असेल. बाजारहत्नूरच्या पारावरही त्याचा व्हिडिओ फिरला.

हिशोब सोपा वाटतो: पैसे देतो तो बसतो. पण या भागात तो लगेच फसतो. इथली अर्धी सोयरीक किनवट, माहूर, इस्लापूरकडची. नव्या सुनेचं आधार कार्ड अजून माहेरच्या पत्त्याचं असतं, आणि महाराष्ट्राच्या पत्त्यावर तेलंगणाची महालक्ष्मी प्रसन्न होत नाही. म्हणजे ती पोर पूर्ण पैसे मोजून तिकीट काढते. तिला तरी बसायला मिळतं का? नाही. शून्यवालीला सांगतात की तू फुकट आहेस, उभी राहा. पैसेवालीला काहीच सांगत नाहीत, तीही उभीच राहते. तेव्हा तिकिटाचा मुद्दा नुसता तोंडी लावायला आहे. शिवाय शून्य तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देणं लागतं, आणि ते सरकारी तिजोरीतून जातात, ज्यात साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत त्या बाईनेही कर भरलेला असतो. पण एवढं लांबचं गणित खड्ड्यांच्या रस्त्यावर कोण मांडणार?

सीमेपलीकडे महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट. तिथे गृहस्थांची तक्रारही अर्धीच असते. एसटीत आमदारांसाठीही जागा राखीव असते. आमदार एसटीत बसलेला कुणी पाहिला असेल तर त्याने कळवावं. पण ती जागा निदान कागदावर तरी पक्की आहे. आमदार येण्याची शक्यता किती, गरोदर बाई येण्याची किती, हे रंगाऱ्याने रंग देण्यापूर्वी मोजलं नसणार.

गंमत अशी की ज्या क्षणी उभ्या बाईला खरंच कळा सुरू होतात, त्या क्षणी ही सगळी बस बदलते. हे ऐकीव नाही. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्याच गुडीहत्नूर मंडलात, माणकापूरजवळ, उटनूरहून चंद्रपूरकडे निघालेल्या बसमध्ये एक बाई बाळंत झाली. बाई महाराष्ट्रातली. ड्रायव्हर-कंडक्टरने गाडी थांबवली, प्रवाशांनी मदत केली, पुढे बाळ-बाळंतीण दवाखान्यात सुखरूप पोचले. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आठवडाभराच्या अंतराने तेलंगणाच्या बसमध्ये अशाच दोन मुली जन्मल्या. २०२४ च्या राखीपौर्णिमेला गद्वालकडच्या बसमध्ये, भावांना राखी बांधायला निघालेल्या बाईचं बाळंतपण कंडक्टर बाईंनी आणि त्याच गाडीत असलेल्या एका नर्सने केलं. अशा वेळी लोक चटकन खाली उतरतात, बायका साड्यांचा आडोसा धरतात, कुणी पाणी आणतं, कुणी फोन फिरवतं. यात खोट काढायला जागा नाही. कंडक्टर बाईंचा सत्कार झाला तो योग्यच झाला.

आणि महामंडळाने बसमध्ये जन्मलेल्या बाळांना आयुष्यभराचा मोफत पास दिला.

यावर थोडं थांबावंसं वाटतं. बाळ पोटाबाहेर आलं तर साठ-सत्तर वर्षं फुकट प्रवास. तेच बाळ पोटात असताना अर्ध्या तासाची सीट नाही. दोन्ही वेळी बाळ तेच, बस तीच, प्रवासी तेच. फक्त पहिल्या वेळी अख्खी बस रिकामी होते आणि दुसऱ्या वेळी एक माणूस उठत नाही. त्या दोन मुलींचं तर वेगळंच झालं. दोन वर्षांत महालक्ष्मी आली आणि साध्या बसमध्ये सगळ्याच बायका फुकट झाल्या, त्यांच्या पासाचं निम्मं अप्रूप तिथेच संपलं. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्यापैकी एखादी सातव्या महिन्यात याच गाडीत चढेल, तेव्हा पास दाखवून तिकीट लागणार नाही. पास दाखवून सीट मिळते का, हे त्या पासाच्या मागे छापलेलं नाही.

कुणी उठलंच, तर कुठली जागा मिळते तेही बघण्यासारखं आहे. एक तर मागची लांब सीट, चाकाच्या मागची, जिथे प्रत्येक खड्डा आधी कमरेला आणि मग टायरला कळतो. किंवा जुन्या गाडीत ड्रायव्हरशेजारची इंजिनाची पेटी. "बस बाई, बस इथं." पेटी तापलेली असते, पण माणसं प्रेमाने बसवतात. पुढची, दाराजवळची, खिडकीची, म्हणजे जी खरोखर तिच्या उपयोगाची, ती कधी रिकामी होत नाही. तिथे टॉवेल असतो.

याउलट शेअर ऑटो. ज्याला सगळे शिव्या देतात, ज्यात सहा जणांच्या जागी बारा कोंबतात, तो ऑटो. त्यात पोटुशी बाई चढली की ड्रायव्हर मान वळवून फर्मावतो: "ए अन्ना, तू इकडं ये माझ्यापाशी. काका, पाय आत घ्या. तिले कोपऱ्यात बसू द्या." अन्ना येतो, काका पाय आत घेतात, कुणी कुरकुर करत नाही. ऑटोवाला काही संत नसतो. फक्त गाडी त्याची असते आणि तो तोंड उघडतो. बसमध्ये सत्तर लोक असतात आणि प्रत्येक जण मनात म्हणतो की कुणीतरी उठवा बुवा त्या माणसाला. ते 'कुणीतरी' बाजारहत्नूरच्या बसमध्ये अजून चढलेलं नाही. कंडक्टर म्हणाल, तर त्याच्या गळ्यात मशीन, एका हातात आधार कार्डांची चवड, आणि डोक्यात प्रत्येक शून्याचा हिशोब. तरी एखादा कंडक्टर ओरडतोच: "ले अन्ना, ले!" आणि आश्चर्य म्हणजे अन्ना उठतो. रंगवलेल्या वाक्याला जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते एका अक्षराच्या आरोळीला जमतं.

मुंबईच्या लोकलमध्ये गरोदर बाईला अपंगांच्या डब्यात बसायची मुभा आहे. रेल्वेत खालच्या बर्थच्या कोट्यात तिचं नाव आहे. विमानात तर उलटंच, शेवटच्या महिन्यात तिला चढूच देत नाहीत. आपल्या बसचा नियम या सगळ्यांपेक्षा उदार आहे. कुठल्याही महिन्यात चढा, कितीही वेळ उभ्या राहा.

जागा देणारे नाहीत असं मात्र लिहिलं तर अन्याय होईल. आहेत, आणि त्यांच्यातही तऱ्हा आहेत. एक जण देतो आणि उतरेपर्यंत शेजाऱ्यांना सांगत राहतो की आजकाल कुणी जागा देत नाही. एक जण स्वतः न उठता शेजारच्या शाळकरी पोराला उठवतो. एक जण बायकोला उठवतो. एक तरुण खरोखरच गुपचूप उठतो, काही न बोलता दाराकडे जाऊन उभा राहतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर बाई पोचायच्या आत टॉवेलवाला बसतो.

आणि एक असतात ते आपले खिडकीजवळचे गृहस्थ. बाजारहत्नूरपासून त्यांचा डोळा लागलेला असतो. हायवे लागतो, इच्चोड्याची दुकानं दिसतात, ड्रायव्हर ब्रेक दाबतो. गृहस्थ जागे होतात, टॉवेल झटकून खांद्यावर टाकतात, उभे राहतात आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "अगं बाई, तू उभीच हाय का? बस, बस, बस इथं."

"नको काका," ती म्हणते, "मलेबी इथंच उतराचं हाय."